ओठ न हलवता

"वाच ना आई," असं म्हणून प्रफुलनं मोबाइल आडवा धरला, आणि त्याच वेळी शोभाबाईंचे ओठ मिटले.

त्यांनी ठरवून मिटले नव्हते. वाऱ्यानं दार लागावं तसे ते लागले, आणि लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आतून कडी मात्र आपणच घातली आहे. हातात हॉटेलचं कार्ड होतं, गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक चढवलेलं, एका कोपऱ्यावर कुणाच्या तरी बोटाचा तेलकट डाग. समोर मुलगा, शेजारी सून, डोक्यावर थंड हवा फेकणारी पेटी, आणि टेबलाच्या कडेला वही-पेन घेऊन उभा असलेला चाळिशीचा वेटर. त्याच्या खिशावर कैलास असं नाव शिवलेलं होतं. तो पाणी ठेवायला वाकला तेव्हाच शोभाबाईंनी ते वाचलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या काही महिन्यांत त्यांना हा एक छंदच लागला होता. वाचायचं आणि सांगायचं नाही. रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या जाहिराती, पुढच्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं काहीबाही, सगळं डोळ्यांतून आत जायचं आणि आतच बसायचं. लग्नघरातल्या जेवणावळीत पोट भरलं तरी कुणाच्या नकळत पदराआड एखादा लाडू ठेवावा, तसं.

"आई, वरून सुरू करा," सपना म्हणाली. "सूपपासून. आणि मध्ये थांबलात तरी चालेल, लोकांना ते आवडतं." ती खुर्ची थोडी मागे घेऊन बसली, म्हणजे चित्रात आपण येऊ नये. सपना शिक्षिका. तिच्या शाळेत साक्षरता सप्ताह चालू होता, आणि आज संध्याकाळपर्यंत तिला एक व्हिडिओ पाठवायचा होता. त्रेसष्टाव्या वर्षी अक्षर शिकलेली सासू सहासष्टाव्या वर्षी वर्धा शहर वाचत फिरते, असा तो व्हिडिओ. त्यासाठीच हा रविवार होता. त्यासाठीच शोभाबाई सकाळच्या पॅसेंजरनं सिंदीहून आल्या होत्या. त्यांना आधी वाटलं होतं की आपल्याला फिरवायला बोलावलं आहे.

कार्डावरच्या ओळी समोर होत्या. टोमॅटो सूप, मंचाव सूप, पुढं आणखी काही. ओठ हलले असते तर आवाजही आला असता. शोभाबाईंनी जीभ टाळूला लावून ठेवली.

सकाळपासून हेच चाललं होतं. आधी सेवाग्राम. मातीच्या भिंती, शाकारलेली छपरं, झाडाखाली झाडून काढलेलं अंगण. तिथं पाय ठेवला आणि शोभाबाईंना लहानपणीच्या घराचा, ओल्या शेणाचा वास आला. त्या वासात जरा उभं राहावं असं वाटलं. पण समोर पाटी होती, कृपया शांतता राखा, आणि प्रफुल म्हणाला, "आई, हे वाच. मोठ्यानं वाच, आवाज आला पाह्यजे." शोभाबाईंनी एकदा पाटीकडं पाहिलं, एकदा मुलाकडं. "बाबू, इथं गप राहा म्हणून लिहलं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "हो ना, तेच वाच. जोरात वाच." मग त्यांनी जोरात वाचलं. झाडाखाली डोळे मिटून बसलेल्या एका माणसानं डोळे उघडले. एक बाई हसली. प्रफुल म्हणाला, झकास. शोभाबाईंना मात्र आपण देवळात चप्पल घालून शिरल्यासारखं झालं, आणि तो वास त्यानंतर काही केल्या परत आला नाही.

मग गोपुरीतलं ते उघडं मंदिर. मूर्ती नाही, घंटा नाही, डोक्यावर छप्परसुद्धा नाही. फक्त उभ्या दगडी शिळा, एकीला लागून एक, आणि शिळांवर कोरलेल्या श्लोकांच्या ओळीच ओळी. शोभाबाई आत गेल्या आणि शिळांकडं पाहत उभ्या राहिल्या. साठ वर्षं त्या देवळांत जात होत्या. प्रत्येक देवळात कुणीतरी त्यांच्यासाठी बोलत होतं. पुजारी, कीर्तनकार, माइक धरलेला माणूस. इथं कुणीच बोलत नव्हतं. दगड गप्प उभे होते आणि ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं अशी अक्षरं त्यांच्या अंगावर होती. त्या एका शिळेपाशी गेल्या आणि वरची ओळ मनात धरून खाली उतरू लागल्या. एक ओळ, दुसरी, तिसरी. अर्थ थोडा लागत होता, थोडा निसटत होता, पण घाई नव्हती. कडुलिंबाची पानं गळत होती. चौथ्या ओळीवर खांद्याला हात लागला. "आई, इकडं तोंड कर. अन् वाच." त्यांनी वाचलं. वारा होता, आवाज नीट आला नाही. पुन्हा वाचलं. मग बाजूनं सहलीचा घोळका गेला, म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी सपना प्रेमानं म्हणाली, "आई, पहिल्यांदाच वाचताय असं वाचा." आणि शोभाबाईंनी तसंही केलं. डोळे बारीक केले, बोट ओळीवर ठेवलं, जे येत होतं ते न आल्यासारखं केलं, अडखळल्या. सगळे खूश झाले. गाडीत बसल्यावर त्यांनी तो हात पदराला पुसला. दगडावर तर काही नव्हतं, तरी पुसला.

"आज्जी, घ्या निवांत," कैलास म्हणाला. त्यानं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेतलं. पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी भांड्यावर चमचा वाजवून त्याला बोलावत होतं.

"आई, काय झालं? दिसत नाई का? चष्मा देऊ?" प्रफुलनं विचारलं.

शोभाबाईंनी मान हलवली. दिसत होतं. तेच तर होतं, की सगळं दिसत होतं.

सपनानं शिकवलं होतं, हे कसं विसरतील त्या? यजमान नरहरराव गेले आणि सिंदीच्या घरात आवाजच राहिला नाही. ते कापसाच्या अडत्याकडे दिवाणजी होते, आणि रोज संध्याकाळी ओसरीवर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे. घराला, शेजाऱ्यांना, रस्त्यानं जाणाऱ्याला. शोभाबाई आत तवा चढवून ऐकायच्या. बेचाळीस वर्षं त्यांना जग ठाऊक झालं ते त्या आवाजातून, आणि आवाज देईल तेवढंच. कधी चहा द्यायला बाहेर आल्या की त्यांना दिसायचं, नवऱ्याचा डोळा चार ओळी खाली उतरला आणि आवाज मात्र वरच थांबला. "तिथं काय होतं?" असं विचारलं तर, "काई नाई, तुह्या कामाचं नाई." त्या चार ओळी कुठं गेल्या असतील, असं त्यांना भाकरी थापताना वाटत राहायचं. ते गेल्यावर तीन महिने पेपर तसाच येत होता. त्या तो घडी घालून फळीवर ठेवत होत्या, कोऱ्या कापडासारखा. मग एका रविवारी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला मुलाकडं आल्या असताना त्या सुनेला म्हणाल्या, "सपना, मले शिकव." सपनानं पोळपाटावर पीठ पसरून पहिलं अक्षर काढलं. दर शनिवार-रविवार, दहा महिने. कधी चिडली नाही, कधी हसली नाही, शाळेतून थकून आली तरी वही पाहिल्याशिवाय झोपली नाही. पहिल्यांदा पूर्ण वाक्य वाचलं त्या दिवशी सपनाच्याच डोळ्यांना पाणी आलं होतं. तिला नाही म्हणायचं म्हणजे काय, हे शोभाबाईंना चांगलं कळत होतं. म्हणून तर आजवर म्हणाल्या नव्हत्या.

पहिला व्हिडिओ दोन महिन्यांपूर्वीचा. घरातच काढला होता, पेपरातली बातमी वाचताना. मध्ये त्या दमल्या म्हणून थांबल्या, पदरानं घाम पुसला आणि पुढं वाचलं. ते थांबणंच लोकांना आवडलं. हसरी तोंडं, जोडलेले हात, बदाम, मोबाइलवर काय काय आलं. सिंदीत पोचायच्या आधी व्हिडिओ तिथं पोचला होता. किराणावाले बंडूजी दुकानातून ओरडले, "काकू, पाह्यलं तुमचं! बाप्पा, थांबून थांबून काय मस्त वाचता! हे घ्या, या पुड्यावर काय लिहलं आहे, वाचून दाखवा बरं." दुकानात चार माणसं होती. त्यांनी वाचून दाखवलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मग सुलोचनाबाईंच्या घरी लग्नाची पत्रिका, मग दवाखान्यात औषधाची बाटली, मग बसमध्ये पाटी. जो तो म्हणायचा, शोभाबाई, वाचून दाखवा. दारावर येणाऱ्या नंदीबैलाला विचारतात ना, पाऊस पडेल का, आणि तो मान हलवतो, तशी आपली मान झाली आहे असं त्यांना वाटे. नंदीबैलाच्या मनात त्या वेळी काय असतं, हे कुणी विचारत नाही.

आणि मनात तर आता पुष्कळ काही होतं. ते सिंदीच्या स्टेशनावर सुरू झालं होतं, पावसाळा नुकताच सरत असताना. वर्ध्याला येणारी गाडी उशिरा होती. शोभाबाई फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर फुटाण्यांचा कागद. फुटाणे संपले आणि कागद उलगडला, तर जुन्या पेपराचा तुकडा निघाला. आर्वीकडच्या कुठल्यातरी गावात एका माणसाचा बैल हरवला होता, त्याची बातमी. त्या वाचू लागल्या, नेहमीसारख्या, ओठ हलवत, बारीक आवाजात, कारण आवाज आल्याशिवाय वाचलेलं खरं वाटायचं नाही. तेवढ्यात मधल्या रुळावरून मालगाडी आली. लांबच लांब, कोळशाची. धडधड इतकी मोठी की बाक हलू लागला, कान भरून गेले, स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येईना. शोभाबाईंचे ओठ आपोआप थांबले. पण बातमी थांबली नाही. बैल नाल्याच्या काठानं गेला होता, तीन दिवस कुणाला दिसला नव्हता, चौथ्या दिवशी दुसऱ्याच गावच्या गोठ्यात उभा होता. डबे जात होते, एकामागून एक, आणि त्या आवाजाच्या आत, विहिरीच्या तळाशी असते तशी एक गार, गप्प जागा होती, आणि तिथं कुणीतरी त्यांच्यासाठी वाचत होतं. आवाज नवऱ्याचा नव्हता, सुनेचाही नव्हता, आणि खरं तर त्यांचा स्वतःचासुद्धा नव्हता. नुसतं कळत होतं. शेवटचा डबा गेला, फलाट पुन्हा चिमण्यांसाठी मोकळा झाला, आणि बैल सापडला होता. शेजारच्या बाकावरच्या माणसाला पत्ताही नव्हता की या म्हातारीला आत्ता काय ठाऊक झालं. शोभाबाईंना लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं की आपल्याला एक खोली मिळाली, जिला बाहेरून दार नाही. ही गोष्ट त्यांनी सपनाला सांगितली नाही. शिकवणारीला ती सगळ्यात आधी सांगायला हवी होती. पण सांगितली असती तर सपना आनंदानं म्हणाली असती, वा आई, आता मनात वाचून दाखवा.

"आई, अवं बोल ना काहीतरी," प्रफुलचा हात दुखू लागला होता. त्यानं मोबाइल दुसऱ्या हातात घेतला. "रेकॉर्डिंग चालू आहे. एक ओळ वाच, मग मी ऑर्डर देतो. तुह्यासाठी दहीभात सांगतो नेहमीचा."

नेहमीचा. शोभाबाई आयुष्यात चार-पाच वेळा हॉटेलात आल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी दहीभात खाऊन गेल्या होत्या. कार्ड वरून वरून फिरायचं, मुलगा सुनेला विचारायचा, सून मुलाला विचारायची, आणि शेवटी कुणीतरी म्हणायचं, आईले दहीभात सांगा, पचते. दात शाबूत होते. पोट शाबूत होतं. घरी त्या ठेच्यासोबत भाकरी खायच्या. पण हॉटेलात आल्या की त्या जड काही न पचणाऱ्या बाई होऊन जायच्या. सपनाचंही तेच होतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. प्रफुल सगळ्यांसाठी पनीर सांगायचा, आणि सपना पनीर बाजूला सारून रस्सा तेवढा खायची, सतरा वर्षं.

शोभाबाईंचा डावा हात टेबलाखाली गेला, कमरेच्या बटव्यावर. आत चिल्लर, सुपारी, आणि अर्धा गोटा.

गोटा गिरडचा. धाकटी बहीण कांता तिथं दिली होती. दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी तिच्या सासरचं रेवड्या-नारळाचं दुकान. त्या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात, सुपारीएवढे, जायफळासारखे, तेच हे गोटे. फकिराशी खोटं बोलणाऱ्या व्यापाऱ्याचा माल दगड झाला, असं लोक सांगतात. दोघी बहिणींना अक्षर येत नव्हतं. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायचं आणि दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, म्हणजे दोन घरांसमोर बोलणं. म्हणून कांतानं स्वतःची रीत काढली. गिरडकडची माणसं कापूस घेऊन सिंदीला यायची, त्यांच्याजवळ ती रेवड्यांची पुरचुंडी द्यायची आणि आत एक गोटा. साबूत गोटा म्हणजे बरी आहे. हळद लावलेला म्हणजे गोड बातमी. दोन गोटे दोऱ्यानं बांधलेले म्हणजे तुझी आठवण येते. रेवड्या घरात वाटल्या जायच्या आणि गोटा शोभाबाई मुठीत घेऊन चुलीपुढं बसायच्या. सासू म्हणायची, रेवड्यात दगड टाकते तुझी बहीण, वजन वाढवाले. मग एका पौषात, प्रफुल तेव्हा पाळण्यात होता, फुटलेला गोटा आला. पडून फुटलेला नाही. ठेचून फोडलेला, मधोमध, अर्धाच. शोभाबाईंनी तो मुठीत आवळला. त्या तशाच ओसरीवर आल्या आणि चार माणसांत नवऱ्याला म्हणाल्या, "कांताचं काहीतरी बिनसलं आहे. मले गिरडले जा लागते." "कोण सांगतलं?" त्यांनी मूठ उघडली. नरहररावांनी गोट्याकडं पाहिलं, मग बाजूच्या माणसांकडं, आणि ते असे हसले की त्यांना ठसका लागला. "घ्या! आमची मंडळी गोटा वाचून राह्यली!" ओसरी हसली. दुसऱ्या दिवशी अडत्याची पेढी हसली. पुढं कितीतरी वर्षं सिंदीत ते चालू राहिलं. कुणी काही अंदाज बांधला की लोक म्हणायचे, काय बा, गोटा वाचला का? नरहरराव वाईट माणूस नव्हते. त्यांना ती गंमतच वाटली होती. शोभाबाई गिरडला गेल्या नाहीत. कुणी नेलं नाही, आणि हसण्यातून वाट काढून एकटीनं निघायचं त्यांना तेव्हा जमलं नाही. त्यानंतर कांताकडून रेवड्या येत राहिल्या. गोटा पुन्हा आला नाही. लग्नाकार्यात दोघी भेटायच्या, लुगड्याची, लेकरांची विचारपूस करायच्या. त्या पौषात तिचं काय झालं होतं, ते शोभाबाईंनी विचारलं नाही आणि कांतानं सांगितलं नाही.

आणि आता या गार हवेत, टोमॅटो सूप आणि मंचाव सूपच्या समोर, शोभाबाईंना लख्ख कळलं की चूक गोटा वाचण्यात झाली नव्हती. ओसरीवर येऊन तो वाचून दाखवण्यात झाली होती. त्यांनी आपल्या खोलीचं दार उघडून आत चार माणसांना हसायला बोलावलं होतं. मालगाडीच्या आवाजात मिळालेली खोली तीच होती, चाळीस वर्षांपूर्वीची. आणि आज मुलगा तिच्या दारात मोबाइल घेऊन उभा होता, बापासारखाच, प्रेमानं.

"सूप नाही, तर गोडापासून वाचा," सपना म्हणाली. तिचा आवाज आता थोडा बारीक झाला होता. "आई, रागावलात का? मला आज पाठवायचं आहे हो. मॅडमना मी सांगून ठेवलं आहे."

शोभाबाईंनी सुनेकडं पाहिलं. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ओठ उघडले नाहीत. त्यांनी कार्ड डोळ्यांच्या जरा जवळ घेतलं आणि वरून वाचायला सुरुवात केली. आतल्या आत. सूप झालं. मग पापड, साधा, मसाला, भाजलेला. मग पनीर, पनीरचे तेरा प्रकार. इतक्या तऱ्हेनं एकच वस्तू कशी करतात, असं त्यांना वाटलं आणि हसू आलं, तेही आतच. मग भाज्या. वांग्याचं भरीत, शेवभाजी, डाळकांदा. डाळकांद्यापाशी त्या थोडं थांबल्या. सपना माहेरी गेली की पहिल्या दिवशी डाळकांदा करून खाते, हे तिच्या आईनं एकदा सांगितलं होतं. मग सावजी पाटोडी रस्सा, पुढं लाल मिरचीचं चित्र. एक नाही, तीन मिरच्या. मग भाकरी, ज्वारीची, बाजरीची. मग भात. त्यांनी कार्ड उलटलं आणि मागची बाजूही वाचली. ऑर्डर दिल्यावर वीस मिनिटे लागतील. बाहेरचे पदार्थ आणू नयेत. हात धुण्याची जागा उजवीकडे. एकही शब्द सोडला नाही. कुणी त्यांच्यासाठी चार ओळी गाळणार नव्हतं आता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. पलीकडच्या टेबलानं चमचा वाजवणं सोडून दिलं होतं. प्रफुलचा मोबाइल हळूहळू खाली आला होता. त्या मोबाइलात एक म्हातारी बाई कार्डामागं अर्धी लपून गप्प बसलेली, एवढंच भरलं होतं.

शोभाबाईंनी कार्ड टेबलावर ठेवलं, कैलासला मानेनं जवळ बोलावलं आणि बोट ठेवलं. एका ओळीवर. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या, आणि तिथून एकदा प्रफुलकडं बोट केलं. मग भाकरीवर, तीन बोटं दाखवली. कैलास वाकून बोटाबरोबर वाचत होता. तिसऱ्या ओळीला त्यानं मान वर केली, त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि लिहून घेतलं.

"आई, थांब, मी सांगतो ना," प्रफुल म्हणाला.

"रिपीट करतो," कैलासनं सवयीनं वही वर धरली.

शोभाबाईंनी हात आडवा केला. "कायले म्हणून दाखवता? लिहलं ना तुमी?"

"लिहलं."

"मंग झालं."

त्यांचा हा पहिला आवाज होता. कैलास हसला, वही खिशात घातली आणि गेला. टेबलावर तिघं उरले. प्रफुलनं कार्ड ओढून घेतलं, जणू बोटांचे ठसे त्यावर उमटलेले दिसतील. "काय सांगतलं तू?"

"येईल तवा दिसेल."

"अवं पण काय ते तरी..."

"वीस मिनिटं लागतात. लिहलं आहे मांगं." शोभाबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "बेचाळीस वर्सं म्या वाट पाह्यली, कोण काय वाचून दाखवते म्हणून. तू वीस मिनिटं पाह्य."

प्रफुल काही बोलणार होता, पण सपनानं त्याच्या मनगटावर हात ठेवला. ती सासूकडं पाहत होती. शाळेत एखाद्या मुलाचं पुस्तक बंद असतं आणि तरी त्याला पुढचं पान ठाऊक असतं, तेव्हा शिक्षक पाहतात तशी. तिनं सगळं आठवून पाहिलं असावं. कार्डावर फिरलेले डोळे, मिटलेले ओठ, मागच्या बाजूची वीस मिनिटं.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मनात वाचता?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर शोभाबाईंनी उत्तर दिलंच नसतं. "मालगाडी गेली तवापासून," त्या म्हणाल्या. "आता मोठ्यानं नाई वाचणार, पोरी. शिकवलं तू, ते मरेपर्यंत विसरणार नाई. पण वाचून दाखवाले सांगजो नको. तुह्या मॅडमले सांग, सासू अडून बसली."

मालगाडीचं सपनाला काही कळलं नसणार. पण तिनं मोबाइल नवऱ्याच्या हातातून घेतला, काच खाली करून मिठाच्या बाटलीजवळ ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. रागावली होती की काय, ते शोभाबाईंना वाचता आलं नाही. माणसं अजून अडखळत वाचावी लागत होती.

वीस मिनिटं फार लांब होती. प्रफुल बोटांनी टेबल वाजवत राहिला. दर वेळी स्वयंपाकघराचं दार हललं की तो मान वळवायचा. आपल्या पुढ्यात काय येणार हे माहीत नसलेला माणूस कसा बसतो, ते शोभाबाईंनी आज पहिल्यांदा बाहेरून पाहिलं.

मग कैलास आला. डाळकांद्याची वाटी त्यानं सपनापुढं ठेवली. जिऱ्याचा आणि जळक्या कांद्याचा वास आला. सपनानं वाटीकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"सतरा वर्सं झाले तुले पाह्यते. पनीर सारतं तू."

लालभडक तर्रीनं झाकलेला पाटोडीचा रस्सा शोभाबाईंपुढं आला. भाकरी आल्या. आणि शेवटी एक पांढरी वाटी प्रफुलपुढं, वरून डाळिंबाचे दाणे.

"हे कोणाचं?" प्रफुलनं विचारलं.

"तुह्यं."

"मले दहीभात?"

"पचते," शोभाबाई म्हणाल्या.

आधी सपना हसली. तोंडावर हात धरला तरी हसू बोटांतून सांडलं. कैलास वळला आणि पाठमोराच खांदे हलवत गेला. प्रफुल वाटीकडं पाहत राहिला, चिडावं की हसावं ते ठरेना. "आई, अन् तो व्हिडिओ?" एवढंच त्याला सुचलं.

"काढ ना. दहीभात खातानाचा काढ. लोकांले आवडते."

त्यानं वाटी पुढं ओढली. मग चमचा उचलला. दोन घास खाऊन झाल्यावर, काहीतरी सांभाळून घ्यावं म्हणून, तो म्हणाला, "बरं. आता स्तूप पाहू, मंग तुले सिंदीच्या गाडीत बसवतो."

"स्तूप नाई. मले गिरडले नेजो. कांताकडे."

"आज? काऊन? काय झालं तिथं?"

शोभाबाईंनी बटव्यातून अर्धा गोटा काढला आणि भाकरीच्या ताटलीशेजारी ठेवला. फुटलेली बाजू वर. चाळीस वर्षं बटव्यात घासून ती कड गुळगुळीत झाली होती. प्रफुलनं गोटा ओळखला. बापाच्या तोंडून तो किस्सा त्यानं दहा वेळा ऐकला होता, दहा वेळा हसला होता. आताही त्याचे ओठ सवयीनं हलले.

"गोटा वाचाले," तो म्हणायच्या आत शोभाबाई म्हणाल्या. "राह्यला होता वाचायचा. तिच्याजवळ बसून वाचीन. तिले मोठ्यानं वाचून दाखवीन. दारात कोणी उभं राहू नका."

प्रफुलचे ओठ मिटले.

शोभाबाईंनी भाकरी मोडली, तुकडा तर्रीत बुडवला आणि तोंडात घातला. तिखट जाळत खाली उतरलं, कानापर्यंत गेलं, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी ते पुसलं नाही. दुसरा तुकडा मोडला. आणि ते पाणी पुन्हा एकदा, पहिल्यांदाच आल्यासारखं, आणून दाखवा असं कुणी म्हणालं नाही.